तबला घाईत असायचा

घोरपडीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये शनिवारी नाच असायचा.
मी ड्रमवर. बाप गोंधळात संबळ वाजवायचा,
त्याला वाटे, पोरगं खुर्चीत बसून वाजवतं
म्हणजे साहेब झालं.

लिओ मिनेझिस सॅक्सोफोनवर.
हात सोन्याचा, पण वाजवायचा
परेडला निघाल्यासारखं, डावा उजवा, डावा उजवा,
सूर कसे मोजून, घडी घालून ठेवलेले.

एकदा क्वार्टर गेटच्या इराण्याकडे
रेडिओवर शालन टिपणीस लागल्या.
भावगीत. आमच्या पेठेत शिंप्यापासून मास्तरणीपर्यंत
सगळ्यांना पाठ.
ओळ सरळ समेकडे चाललेली
आणि ‘अजून’पाशी बाई थांबल्या.
सम आली.
सम गेली.
तबला एकटाच उभा, फलाटावर कुणाला घ्यायला आल्यासारखा.
मग, कुणाची माफी न मागता,
‘अजून’,
‘जू’वर जरा रेललेला,
‘न’ जवळजवळ नाहीच.

लिओचा पाव चहात बुडाला तो बुडालाच.
“पुन्हा लावा,” म्हणाला.
इराणी म्हणाला, “रेडिओ आहे बाबा, आमलेट नाय.”

त्या शनिवारपासून माझे हाल.
फॉक्सट्रॉट असो, वॉल्ट्झ असो,
हा सूर ओठाशी धरून बसायचा.
मी ठोका टाकतोय, जोडपी पाय उचलून उभी,
आणि लिओ येत नाही.
यायचा तो मागच्या दाराने,
उशिरा आलेल्या नवऱ्यासारखा, चपला हातात घेऊन.
श्वाससुद्धा नको तिथे घ्यायचा, तुकड्याच्या मधोमध,
बाईंसारखा,
आणि तो श्वास शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचा.
ट्रम्पेटवाल्या डिक्रूझने आधी शिव्या घातल्या.
नाताळपर्यंत तोही उशिरा यायला लागला.
मी एकटाच वेळेवर.

वर्षभराने लिओने विचारलं,
“दामू, अजून म्हणजे काय रे?”
म्हटलं, म्हणजे आत्तापर्यंत.
म्हणजे आणखी. म्हणजे संपलेलं नाही.
“एवढं सगळं?” म्हणाला,
आणि रीड जिभेवर ओली करत बसला.

शालनबाई मला भेटल्या ब्याऐंशी साली,
लक्ष्मी रोडला, चष्म्याच्या दुकानात.
मी धीर केला, म्हटलं, बाई,
तुमच्या उशिरावर एका माणसाने
अख्खं आयुष्य वाजवलं.
त्यांनी काच पदराने पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली.
“उशीर कसला? मी वेळेवरच होते.
तबला घाईत असायचा.”

लिओ तोवर पर्थला, मुलीकडे.
मी पत्र टाकलं. पत्त्यात काहीतरी चुकलं असावं.

हल्ली संध्याकाळी रबराच्या तुकड्यावर
काठ्या घेऊन बसतो.
एक ठोका मुद्दाम टाकत नाही,
त्याची जागा तेवढी राखतो.
आतून नात ओरडते,
“आबा, झोपलात का?”
मी लगेच उत्तर देत नाही.