चोरखिसा

केतकीची सॅक चोरबाजारातली.
सातशे सांगितले, साडेचारशेला दिली.
पट्टा उसवलेला होता. मी म्हटलं, ठेव इथं.
रिक्षाच्या हुडाचं रेक्झिन उरलं होतं थोडं,
ते लावून दुहेरी शिवण मारली,
दोनदा सुई मोडली.
"बाबा, सॅक आहे, तोफ नाही," ती म्हणाली.

पार्ल्यात जिन्याखाली माझी टपरी.
लोक येतात कपडे आखूड करून घ्यायला,
पँट दोन इंच, बाही एक, परकर तीन.
वाढवून मागायला सहसा कुणी येत नाही.
वाढवायचं तर आत माया ठेवलेली लागते,
रेडिमेडवाले हल्ली ती ठेवत नाहीत.

सव्वीस दिवस. अकरा हजार चारशे रुपये.
शिकवण्यांचे तिचे नऊ हजार, माझे चोवीसशे,
ते तिनं वहीत "उसने" म्हणून लिहिले, तारखेसकट.
कुर्ल्याहून गुवाहाटी, स्लीपर, वेटिंग एकतीस,
पुढं बस, पुढं बोट, मग माजुली.
नदीतलं बेट आहे म्हणे, दरसाल थोडं झिजतं.
ते असेपर्यंत बघायचंय, म्हणाली.
मी भिंतीवरच्या नकाशाला टेप लावली. एकोणीस इंच.
मग मापाच्या जुन्या वहीत
तिच्या तिसऱ्या वर्षीच्या फ्रॉकची उंची पाहिली.
वीस.
म्हणजे फार लांब नाही.

धुमाळवहिनी ब्लाउज टाकायला आल्या,
"एकटीच? आणि तुम्ही जाऊ देता?"
तो "देता" मला जरा टोचला.
तोंडात टाचण्या होत्या, बरं झालं.

विद्या दोन दिवस कुणाशी बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी मेतकुटाची पुडी, शेंगदाण्याची चटणी,
ओव्याची पुरचुंडी, सगळं सॅकच्या तळाशी कोंबत
स्वतःशीच पुटपुटली,
"तिकडं सगळं मोहरीच्या तेलात करतात."

रात्री पोरगी झोपल्यावर मी तिची करडी पँट उलटी केली.
कमरपट्टीच्या आत चोरखिसा, तीन बोटं रुंद,
त्यात पाचशेच्या दोन नोटा, दुधाच्या पिशवीच्या तुकड्यात,
वरून बारीक हातटाका, करड्याच दोऱ्याचा.
सकाळी सांगितलं, अगदीच अडलं तर उसव.
"अगदीच म्हणजे किती?"
ते तुला कळेल, म्हटलं.

मीही अठराव्या वर्षी कराड सोडलं होतं,
पण तो प्रवास नव्हे. ते येणं होतं.

रोज रात्री नवाच्या सुमारास तिचा मेसेज:
बेड २२०. डाळभात ६०. बोट २०.
एकदा फक्त "आहे", एवढंच.
विद्यानं दोनदा विचारलं, आहे म्हणजे?
आहे म्हणजे आहे, मी म्हटलं,
आणि धोपटेसरांच्या पँटची चांगली शिवण
उसवून पुन्हा मारत बसलो.

परत आली ती रापलेली, घसा बसलेला,
आईला बांबूची सुपली, मला काही नाही,
"तुम्हाला काय आणायचं कळेचना."
सॅकचा पट्टा शाबूत.

पँट धुण्यात पडली तेव्हा उलटी करून पाहिली.
खिसा बंद होता.
आत हजारच, पण पाचशेची एकच नोट,
बाकी दोनशे, शंभर, पन्नास, दहा-वीस, मळकट.
आणि टाका माझा नव्हता.
लाल, जाड, गोधडी शिवायचा असावा तसा दोरा,
एक टाका लांब, एक आखूड,
शेवटी एकावर एक तीन गाठी.
तीस वर्षं लोकांची शिवण उसवतोय,
हात कधी घाईत होता, कधी कापत होता,
एवढं तरी ओळखता येतं.

विद्याला काही बोललो नाही. तिलाही विचारलं नाही.
पँट घडी करून तिच्या खणात ठेवली,
लाल दोरा तसाच राहू दिला.

आठवड्यानं टपरीत येऊन स्टुलावर बसली,
खडूचा तुकडा बोटांत फिरवत,
"डिसेंबरात परत निघेन म्हणते.
पट्टा मात्र दोन इंच लांब हवा होता, बाबा."

आण इकडं, म्हटलं. माया आहे आत.