वजन

किटुईच्या बाजारात स्योम्बुआचं मधाचं दुकान,
आणि फोनमध्ये तेच दुकान, फक्त
दार उघडायला चौदा सेकंद.

"चौदा म्हणजे काय फार?" ती म्हणाली.
"पोळं भरायला अख्खा हंगाम जातो."

मावशी, गिऱ्हाईक टेकडीवर उभं असतं,
वीस शिलिंगांचा डेटा, तडकलेली काच,
बॅटरीची शेवटची रेघ.
गोल फिरणारं चक्र बघतं थोडा वेळ
आणि जातं.
जाताना कुणी सांगून जात नाही.

मग काढत बसले मी एकेक.
हलणारा बॅनर. तीन तऱ्हांची अक्षरं.
कुणीतरी हौसेनं डकवलेलं घड्याळ,
किटुईतल्या माणसांना नैरोबीची वेळ सांगणारं,
जी तीच असते.
नऊ सेकंद. सहा.

उरला तो फोटो.
मुसेम्बी बाभळीखाली, हात पोळ्यात,
आठ एमबी.
मोठा करून पाहिला तर
मनगटावरच्या माश्या मोजता येतात.
तिनं मोजल्यात. एकेचाळीस.

"याला हात लावायचा नाही."

चहावर साय धरली.
मग तीच म्हणाली,
"कर लहान. चेहरा राहील इतपत."

ऐंशी केबी.
माश्यांची झाली नुसती काळपट बाही.
दार दोन सेकंदांत उघडलं.
संध्याकाळी म्विंगीहून दोन बरण्यांची मागणी आली,
तिनं न बोलता झाकणं घट्ट केली.

मोठा फोटो आता तिच्याच फोनमध्ये असतो.
जुना फोन, उघडायला वेळ घेतो.
ती थांबते.