दोनशे टक्के

गोठिवली, तिसरा मजला, रात्रीचे साडेअकरा.
काकाच्या हळदीची कॅसेट आता फाइल झालीय,
नाव नाही, नुसता आकडा.

बाळीबाय धवला गातेय,
पण ओठ आधी, आवाज मागून,
उधारीवर आणल्यासारखा.
निकेश जिन्यातून ओरडून गेला होता,
जे दाब आत्या, पन्नास-पन्नासने सरकतो.
नऊ वेळा दाबलं.
दहाव्यांदा तिचं तोंड तिच्या गाण्यात बसलं.

मग वेग पाऊणपट.
वहीत उतरवतेय: तांदूळ, हळकुंड, उंबराची डहाळी,
आणि पुढे एक शब्द, हाताला लागत नाही.
अ पासून ब पर्यंत फेर लावला.
तीच चार सेकंदं, घाण्याच्या बैलासारखी.
"दारंला"? "धारंला"?
शेजारच्यांनी भिंत ठोकली. हेडफोन घातला.

खर्ज खाली ओढला,
आवाज शंभरावरून दोनशे टक्के.
कानात नुसती खरखर,
मंडपाचा पंखा, परात, कुणाचं तरी रडकं पोर,
आणि चित्राच्या बाहेरून, डावीकडून, बाबा:
"बाळीबाय, जेवलीस का गो?"

तो शब्द गाण्यातला नव्हताच.
सूर न सोडता
ती म्हणाली होती, "नाय रं."

वहीत त्या जागी काय लिहू?
ई दाबत एकेक चित्र पुढे नेते.
बारावं, तेरावं, परात तशीच.
चौदाव्यात कडेने एक मनगट आत येतं,
उलटं बांधलेलं घड्याळ,
आणि पाण्याचा तांब्या.