तीन किंवा त्याहून कमी

सांख्यिकी कार्यालयाच्या चौकटीत
मी आमचं आडनाव टाइप करते : सोललोयसेत.
उत्तर येतं :
तीन किंवा त्याहून कमी.
नेमका आकडा सांगत नाहीत.
इतक्या थोड्यांना म्हणे लगेच ओळखता येतं.
खरंय. इथल्या दुकानात मला
पाठमोरीही ओळखतात.

तीन म्हणजे मी,
बोडोला असलेला माझा भाऊ एइलिव,
आणि त्याची घटस्फोटित बायको टूरिड,
जिने नवरा सोडला, आडनाव नाही सोडलं.
कागदपत्रं बदलायचा कंटाळा, म्हणते.

मुळात हे नाव आमचं नव्हतंच.
ते एका उताराचं होतं,
फ्योर्डच्या दक्षिण अंगाला, डोंगराच्या आड.
ऑक्टोबरच्या बारा तारखेला ऊन तिथून जायचं
आणि फेब्रुवारी संपता संपता परतायचं,
आधी कोठाराच्या छपरावर,
हातरुमालाएवढं.
सोल म्हणजे सूर्य, लोयस म्हणजे वाचून,
सेत म्हणजे बूड टेकायची जागा.
एका पाद्र्याने शेवटी त लिहिला, दुसऱ्याने थ,
तिसऱ्याने, बहुतेक थंडीने बोटं वळेनात म्हणून,
शेवट लिहिलाच नाही.

जो तिथे राहील, नाव त्याचं.
जावई येई तो स्वतःचं दाराबाहेर ठेवून हे अंगावर घेई.
गडी दुसऱ्या शेतावर जाई
आणि तिथलं नाव चढवी, कोट बदलावा तसं.
पणजोबा टारल्ड तर रक्ताचे कुणीच नव्हते.
हेरिंगच्या मोसमात फुटक्या होडीतून आले,
विधवेचं गवत कापून दिलं, आणि राहिले.
नाव बुडाली,
नाव मिळालं.

मग तेविसात कायदा आला :
प्रत्येकाला एकच, आणि कायमचं.
चुलत्यांनी सोलहाइम निवडलं. सूर्याचं घर.
जन्मभर सावलीची सही कोण करणार?
फक्त आजोबा हट्टाला पेटले.
ते नावाला जागले, असं आई म्हणायची.
मला वाटतं, त्यांना दुसरं सुचलंच नाही.

गेल्या सप्टेंबरात पत्र आलं.
दाइवा. मूळची लिथुएनियाची.
सहा वर्षांपूर्वी तिने ती पडीक जागा घेतली.
एकतीस शेळ्या, एक मुलगा, योकूबस.
त्या दोघांना शेताचं नाव हवंय.
दोनशेहून कमी माणसांचं नाव घ्यायचं
तर त्या सगळ्यांची संमती लागते,
म्हणून सोबत फॉर्म, सह्यांसाठी तीन रेघा.

टूरिडने पोस्टाच्या पायरीवरच सही केली.
एइलिव फोनवर म्हणाला, ती आपल्या रक्ताची नाही.
मी म्हटलं, टारल्ड होते?
तो बराच वेळ गप्प होता.
मागे त्याचा केटल शिट्टी वाजवत होता,
आणि तो उठून तो बंदही करत नव्हता.
विचार करतो, म्हणाला.
नोव्हेंबरात गेला.

दफन करून आले, कोटही न काढता
पुन्हा टाइप केलं.
तीन किंवा त्याहून कमी.
आकड्याला काही कळलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या सत्ताविसाव्या दिवशी फेरीने गेले,
जिच्यावर मी तेहतीस वर्षं तिकिटं फाडली.
कोठाराला आता पत्र्याचं छप्पर आहे.
योकूबस शिडीवर चढून बसला होता,
हातमोजे काढून, तळवा पुढे करून.
पावणेबाराला आलं.
त्याने मूठ मिटली आणि ओरडला,
त्याच्या भाषेत. मला तो शब्द कळला नाही.
विचारलाही नाही.

पेन गोठलं होतं. काखेत धरून गरम केलं.
एइलिवची रेघ कोरीच राहिली.
मेलेल्याची संमती लागत नाही.

हिशोब सरळ आहे :
मी, टूरिड, दाइवा, मुलगा.
चौघं झाले की कार्यालय आकडा दाखवतं.
टूरिड म्हणते, थांब, इतक्यात मोजू नकोस.
बोलिंगच्या गटात एक गृहस्थ आहेत,
ते तिला हल्ली
घरापर्यंत सोडायला येतात.