नखुरडं

केयोनच्या शिंपल्यांच्या कारखान्यात
पहाटे पाचला वाफ सुटते
आणि सव्वापाचला एउदोसियाचं बोट ठणकू लागतं.
अनामिका. उजव्या हाताची.
परवा नखाच्या कडेला एक सालपट आलं होतं,
हात रिकामा नव्हता, म्हणून तिनं ते दातानं ओढलं.
एवढंच.
नखभरसुद्धा नाही.

मी बंदराच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसते.
खिडकी नाही, इन्क्युबेटर दोन आहेत.
माझ्याकडे माणसं येत नाहीत, त्यांचा पू येतो,
बोळ्यावर, नळीत, चिठ्ठीसह:
कार्कामो एउदोसिया, एक्कावन्न, शिंपले सोलते.

मेंढीच्या रक्ताच्या तबकडीवर
मी तिच्या दुखण्याच्या रेघोट्या ओढते,
झाकण लावते, घरी जाते.
सकाळी लाल मातीत सोनेरी ठिपके,
प्रत्येकाभोवती रक्त विरून गेलेलं एक स्वच्छ कडं.
भिंगाखाली जांभळे घोस.
या बेटावर द्राक्षं पिकत नाहीत,
बटाटे पिकतात, आणि हे स्टॅफिलोकॉकस.

वाईट म्हणावं तर तसे नाहीत.
कुणाच्या अध्यात ना मध्यात,
वर्षानुवर्षं नाकपुडीत नांदतात.
दार किलकिलं दिसेपर्यंत.

कधी घोसाऐवजी माळ निघते;
माळेला घाई असते,
संध्याकाळपर्यंत लाली मनगटाला पोचते.
ओल्या हातमोज्यांत महिना काढलेल्या नखाखालून
हिरवा येतो, त्याला पिकल्या द्राक्षांचा वास,
पुन्हा द्राक्षंच.
आणि मास्तरांचा तो मुलगा,
गणिताच्या तासाला दहाही नखं कुरतडणारा:
त्याच्या तबकडीला ब्लीचचा वास आला.
त्याचं स्वतःचंच तोंड वाढलं होतं तिथे.

पण यास्नाच्या काचपट्टीवर काहीच नव्हतं.
यास्ना नाउएल्किन, एकोणीस, दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस.
घोस नाही, माळ नाही.
मी पट्टी पुन्हा रंगवली. पुन्हा कोरी.
चिठ्ठीवर नव्या डॉक्टरचं अक्षर:
पू कमी, पाणी जास्त, चिरा देत आहे.

अकरा वर्षांत पहिल्यांदा
मी ती खोली कामाच्या वेळात सोडली.
तो पातं हातात घेऊन उभा होता,
तिनं मान भिंतीकडे फिरवली होती.
अंगठ्यावर फोड, दाटीवाटीनं,
काचेच्या मण्यांसारखे, आत पाणी.
कुणाच्या तरी ओठांवरचं दुखणं
तिच्या हाताला लागलं होतं.
तो विषाणू. माझ्या तबकडीतलं तो खात नाही,
त्याला जिवंत घर लागतं.
कापलंत, मी म्हणाले, तर बाकीच्यांना दार उघडाल.
त्यानं पातं खाली ठेवलं.
माझ्याकडे पाहिलं,
एखादी कपाटातली वस्तू बोलावी तसं.

एउदोसियाचा अहवाल चार दिवस पडून होता.
पू काढला त्याच दुपारी ती कामावर गेलेली.
शेवटी मीच नेला, फाटकापाशी.
तिनं ओल्या हातानं घेतला, शाई पसरली.
कोणतं औषध लागू पडेल ते मी सांगत होते,
ती नावावर अडलेली.
ऑरियस म्हणजे?
सोनेरी, मी म्हटलं.

तिनं पट्टी बांधलेलं बोट उजेडात धरलं,
अनामिका,
फिरवून फिरवून पाहिलं.
"बघ," ती म्हणाली, "एक्कावन्नाव्या वर्षी,
तेही न मागता."
आणि भोंगा होईपर्यंत हसत राहिली.