एक ग्रॅम, थोडं वर

खडकी बाजारात आमच्या दुकानाला नाव नव्हतं.
पत्र्यावर नुसता तराजू रंगवलेला,
त्याचं डावं पारडं जरा खाली,
पेंटरची चूक.
वडील म्हणायचे, राहू दे,
लोक हसतात आणि आत येतात.

सातला फॅक्टरीचा भोंगा व्हायचा
आणि सायकलींचा लोंढा दारावरून जायचा,
डबे खुळखुळत.
मग चर्चची घंटा, मग कासमचाचाच्या कोंबड्या,
मग जरा शांत,
आणि त्या शांततेत कानस.
लोखंडावर लोखंड.
माझं लहानपण त्या आवाजाचं आहे,
दात आंबवणाऱ्या.

दार उघडं राहावं म्हणून एक जुनं वजन होतं,
सात पौंडांचं, वर मुकुट.
गोरे गेले, मापं बदलली,
मुकुटाला आता एवढंच काम,
वाऱ्यानं दार आपटू नये.
मी त्यावर बसून पाढे म्हणायची.
अकराच्या पाढ्यापर्यंत बूड गार व्हायचं.

वर्षातून एकदा इन्स्पेक्टर यायचे.
कडुनिंबाखाली टेबल, टेबलावर हिरवं कापड,
आणि अख्खा बाजार रांगेत,
पिशव्यांतून किलो, दोन किलो घेऊन,
लस टोचायला पोरं आणल्यासारखा.
वडील स्टोव्हवर शिसं वितळवायचे.
वजनाच्या पोटात भोक, भोकात शिसं,
शिशावर सालाचा शिक्का.
कुणाचा किलो किती उणा, त्यांना पाठ होतं.
घरी कधी नाव घेतलं नाही.
फार तर आईला म्हणायचे,
साखर पलीकडून आण.

त्या मे महिन्यात टिक्करबिल्ल्याला
मनासारखी टिक्कर मिळेना.
दुरुस्तीला आलेलं एक पितळी पन्नास ग्रॅम
मी फ्रॉकच्या खिशात टाकलं.
हुसैनीभाईंचं. वेलदोडे, लवंगा, जायपत्री जोखायचं.
नाकाशी धरलं की अजून वास यायचा.
आणि काय सरकायचं ते!
रोझलिन, पुष्पवल्ली, मी,
महिनाभर एका पायावर,
चर्चमागच्या खरखरीत डांबरावर.
शेवटचं घर अर्ध्या चंद्राचं.
त्याला आम्ही लंडन म्हणायचो,
का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
तिथे पोचलं की दोन्ही पाय टेकता यायचे.

वडिलांनी ते तळहातावर घेतलं
आणि काट्यावर ठेवायच्या आधीच थांबले.
मग ठेवलं. काटा हलत राहिला, हलत राहिला.
"एक ग्रॅम, थोडं वर," ते म्हणाले.
"कुठे गेलं?"
माझ्या गुडघ्यांवर खडू होता.

मारलं नाही.
मला चिमटा धरायला लावला,
शिसं ओतलं, फुंकर घातली,
आणि हात धरून हुसैनीभाईंकडे नेलं.
"हिनं घासलं. आता बरोबर आहे."
एवढंच, भर गिऱ्हाइकांत.
हुसैनीभाईंनी माझ्याकडे पाहिलं, वजनाकडे पाहिलं,
आणि बरणीत हात घालून
चारपाच वेलदोडे दिले,
न जोखता.
ते मी खाल्ले नाहीत. कंपासपेटीत काळे पडले.

परवा रोझलिनच्या आईच्या मातीला गेले होते.
दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं.
रस्ता इतक्या थरांनी वर आलाय
की चर्चच्या तीन पायऱ्या आता एकच.
खाली कुठेतरी, लंडनच्या अलीकडे,
ते पितळ असेल,
कुणाच्याच हिशेबात नसलेलं.
पुष्पवल्ली आली नव्हती, ती कोइमतूरला.
रोझलिनला सांगावं म्हटलं, पण तिला माणसं भेटत होती.

मुकुटाचं वजन भावाकडे आहे,
बाणेरला, चौदाव्या मजल्यावर.
तिकडे वारा फार.
अजून दार धरतं.