पाळी

उद्यमबागेतल्या फौंड्रीत बाबा पॅटर्न करायचे,
सागवानी, दोन फाळक्यांचे.
एक वरच्या पेटीत, एक खालच्या,
वाळूत दाबून काढून घेतले की मधे पोकळी उरते
आणि लोखंड जातं ते त्या पोकळीत.
माझं कामही थोडं तसंच, हे त्यांना पटवायला
मला अख्खा श्रावण लागला.
कोड एकदाच लिहायचा, बाबा,
फोन दोन जातींचे,
दोघांतही तो बसला पाहिजे.
"मग ड्राफ्ट ठेवलीयास न्हवं?" त्यांनी विचारलं.
ड्राफ्ट म्हणजे पॅटर्न वाळू न मोडता सुटावा
म्हणून कडेला दिलेला किंचितसा उतार.
ठेवला नव्हता. आयफोनवर 'हजर'चं बटण
खालच्या काठात अर्धं गाडलं गेलं होतं.

ॲपचं नाव पाळी.
रात्री कोण, दुपारी कोण, कुणी कुणाशी बदलली,
ओव्हरटाइम किती. एवढंच.
पूर्वी हे मुकादम कल्लाप्पा मुतगेकरांच्या
खिशातल्या वहीत असायचं,
आणि घामानं वही भिजली की
अख्खा महिना भिजायचा.

एका दुकानाचा नियम असा:
आधी बारा माणसं, सलग चौदा दिवस, वापरून बघणारी.
नऊ मी भट्टीपाशी उभी राहून मिळवली.
दहावा ग्राइंडिंगचा सलीम नदाफ,
ज्याचा अंगठा फोन ओळखतच नाही,
रेघा चाकावर झिजून गेल्यात.
अकरावी कँटीनची महादेवी.
बारावे बाबा. निवृत्त, कुठलीच पाळी नसलेले.
त्यांनी स्वतःला रात्रपाळी लावून घेतली.

नवव्या दिवशी कुणीतरी ॲप काढून टाकलं,
मेहुण्याच्या लग्नाच्या व्हिडिओला जागा हवी होती.
बाराचे अकरा.
दिवस पुन्हा एकपासून.

कन्नडचा रकाना ईरण्णा हुक्केरीनं भरला,
तिसऱ्या गेटाजवळच्या चहाच्या गाड्यावर,
गेट पडलेलं, मालगाडी काही केल्या संपत नव्हती.
समोरच्या पाटीवर अर्ध्या नावाला डांबर फासलेलं.
त्यावर आम्ही काही बोललो नाही,
साखर कमी सांगितली.
'पाळी'पाशी त्याचं बोट थांबलं.
"इदक्के एनू बेड," म्हणाला, "आमच्यातबी पाळीच."
मी तो शब्द तसाच लिपी बदलून ठेवला
आणि पुढच्या ओळीवर गेलो,
जिथे 'विसरलात का?' साठी
त्याला अर्धा तास लागला.

दुसऱ्या दुकानाचे पैसे दरवर्षी.
मॅक तासाच्या भाड्यानं, दूर कुठल्यातरी खोलीतला,
मी माजगावात की दाबायची
आणि तो तिकडे उशिरानं हलायचा.
पाठवलं. तीन दिवसांनी परत आलं.

"काय म्हणालाय त्यो?"
बाबा, त्यांना वाटलंय हे बायकांच्या पाळीचं ॲप आहे.
महिन्याची नोंद कुठे साठवता, विचारतायत.
बाबांनी बराच वेळ पंख्याकडे बघितलं.
मग म्हणाले, "आमची बी महिन्याचीच की गं.
पगार झाला की मोकळं."
आणि हसता हसता त्यांना ठसका लागला,
जुन्या वाळूचा.

"त्यात काय, रिजेक्शन तर हुतंयच.
वितळीव आन् वत परत."

वितळवण्यासारखं काही नव्हतं.
इंग्रजीत मी एवढंच लिहिलं की
माणसं इथे आळीपाळीनं जागी राहतात,
ही त्याची नोंद.

मंजुरी आली पहाटे तीन दहाला.
बाबा जागेच होते, ड्यूटीवर.
अंगठा लुंगीला पुसून त्यांनी दुकानात शोधलं:
आधी कॅलेंडरं, मग व्रतवैकल्यं,
गर्भारपणाची तीन,
"खाली जा, अजून खाली,"
आणि मग आमचा करडा चौकोन,
महादेवीला इस्त्रीसारखा वाटतो तो.

आता दोन्ही दुकानांत मिळून एकशे चार जण आहेत.
चौदा दिवस संपले त्याला दोन महिने झाले.
यादीच्या तळाशी अजून रोज रात्री दहाला
एक हजेरी पडते,
खातं क्रमांक बारा, विभाग पॅटर्न.
परवा यादी साफ करायला बसले होते.
ते एक नाव राहू दिलं.